जुना फोन कुणाच्या हातात?

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातील बचत गट आणि महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो, आणि पुढे बसलेल्या मुलींनो,

आज ३ जानेवारी. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली ते साल १८४८. त्यांच्या वेळी मुलीच्या शिक्षणाला विरोध करणारा माणूस समोर उभा असायचा. तो शिव्या द्यायचा, शेण फेकायचा. त्याच्याशी भांडता येत होतं, कारण तो दिसत होता. आज मी ज्या अडवणुकीबद्दल बोलणार आहे तिथे असा माणूस दिसत नाही. मुलगी वर्गाची लिंक दाबते आणि पडद्यावर एक ओळ येते, तीही बहुतेक वेळा इंग्रजीत. अर्थ एवढाच, की हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. मुलगी फोन खाली ठेवते. कुणी तिला नाही म्हटलेलं नाही, कुणी दार लावलेलं नाही, आणि तरीही ती वर्गाबाहेर आहे.

तुम्ही म्हणाल, हा तर मोबाईल दुरुस्तीवाल्याचा प्रश्न, तो महिला मेळाव्यात कशाला? म्हणून आधी एक काम करू. तुमच्यापैकी ज्यांच्या हातातला फोन खास त्यांच्यासाठी दुकानातून नवा आणला होता, त्यांनी हात वर करा. (थोडे हात वर झाले.) आता ज्यांचा फोन आधी नवऱ्याचा, मुलाचा किंवा दिराचा होता, त्यांनी करा. (बरेच हात, हशा.) हसू नका, माझं सगळं भाषण या हातांवरच आहे.

आपल्या घरात फोन कसा फिरतो ते बघा. नवा फोन येतो तो कमावत्या पुरुषासाठी किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी. त्याचा जुना फोन बायकोकडे किंवा आईकडे येतो. काच तडकलेली असते, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, पण ‘तुला काय, बोलायपुरताच लागतो’ असं म्हणून दिलेला असतो. आणि लेकीला जेव्हा वर्गासाठी फोन लागतो, तेव्हा तिच्या हाती तोच येतो, आईचं काम उरकल्यावर. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते बाईच्या ताटात, ही रीत आपल्याला नवी नाही. फोनलाही तीच लागू झाली.

आता दुसरी बाजू. फोनमधली ॲप म्हणजे एकदा घेतली आणि आयुष्यभर पुरली अशी वस्तू नसते. कंपन्या ती सतत बदलतात. सुरक्षेची भोकं बुजवतात, नव्या सोयी घालतात, आणि दर काही वर्षांनी सांगतात की याच्यापेक्षा जुन्या फोनची जबाबदारी आता आमची नाही. २४ ऑक्टोबर २०२३ नंतर व्हॉट्सॲपला अँड्रॉईड ५ किंवा त्याच्या पुढची आवृत्ती लागू लागली. त्याआधीचे फोन बाद. झूम असो, गूगल मीट असो, बँकेचं ॲप असो, प्रत्येकाचा असा एक उंबरठा आहे आणि तो वर्षागणिक उंच होत जातो. कंपनीकडे तिची कारणं असतात, आणि त्यातली काही खरीही असतात. जुन्या फोनवर पैशाचे व्यवहार असुरक्षित होतात हे खरंच आहे.

पण हे दोन्ही एकत्र ठेवून बघा. कंपनीनं बाईला वगळायचं ठरवलं नव्हतं, तिनं जुना फोन वगळला. जुना फोन बाईकडेच असायचा, हे आपल्या घरांनी ठरवलं होतं. या दोन निर्णयांची गाठ पडली आणि घरातली मुलगी वर्गातून बाहेर गेली. कंपनीला विचारलं तर ती फोनकडे बोट दाखवते, घरच्यांना विचारलं तर ते कंपनीकडे. आणि मुलीला वाटतं, मलाच जमत नाही. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की ‘ॲप चालत नाही’ या वाक्यात मुलीचा कमीपणा कुठेच नाही. ते वाक्य घरातल्या वाटणीचं आहे आणि साधन निवडणाऱ्यांच्या निवडीचं आहे. दोन्ही बदलता येतात.

थोडे आकडे देते, म्हणजे हे माझ्या मनचं बोलणं वाटायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात विचारलं होतं, तुम्ही कधी तरी इंटरनेट वापरलंय का? महाराष्ट्रात हो म्हणणारे पुरुष होते ६१.५ टक्के आणि बायका ३८ टक्के. ग्रामीण महाराष्ट्रातल्या बायका घेतल्या तर २३.७ टक्के. म्हणजे खेड्यातल्या चार बायकांमधल्या तिघींनी एकदाही वापरलेलं नव्हतं. आणि नेमक्या याच काळात, मार्च २०२० मध्ये, शाळा-कॉलेजं बंद झाली आणि शिक्षण फोनवर गेलं.

आमच्या गटानं तेव्हा लोहारा तालुक्यातल्या एका गावात मुलींसाठी छोटी अभ्यासिका चालवली होती. समाजमंदिराच्या ओट्यावर अंतर ठेवून बसायचं, एवढीच सोय. मुली फोन घेऊन यायच्या आणि पहिला तास ‘बाई, लागंना’ यातच जायचा. शेवटी आम्ही एक वही घातली. प्रत्येक फोनचं नाव, आवृत्ती, जागा किती शिल्लक आणि काय अडलं, हे त्यात लिहायचं. मुली तिला ‘फोनची कुंडली’ म्हणायच्या. महिनाभरात त्या वहीनं आम्हाला बरंच शिकवलं.

पहिली गोष्ट, बटणांचे फोन. जिओफोन २०१७ साली पंधराशे रुपयांच्या अनामतीवर आला आणि घरोघरी गेला. त्यात इंटरनेट होतं. २०१८ पासून व्हॉट्सॲपही होतं. पण त्याची आतली यंत्रणा अँड्रॉईडपेक्षा वेगळी, त्यामुळे झूमचं ॲप त्यावर येत नव्हतं. घरचे म्हणायचे, ‘त्याच्यात नेट हाय की, मग अजून कशाला फोन?’ नेट आहे आणि वर्ग नाही, हे मुलीनं बापाला कसं पटवायचं? पुढे २०२४ साली त्या फोनांच्या ॲपच्या दुकानातून व्हॉट्सॲपही काढून घेतलं गेलं.

दुसरी, जागा. फोन भावाचा, त्यात त्याची गाणी, सिनेमे, आणि सकाळी येणारे फुलांचे फोटो. नवं ॲप उतरवायला जागाच नसायची. ‘तुमचा फोन भरला आहे’ असा निरोप आला की मुलगी थांबायची, कारण भावाचं काही पुसायची तिला परवानगी नव्हती.

तिसरी गोष्ट ऐकून नवल वाटेल. तारीख! बॅटरी पूर्ण उतरली की काही जुने फोन चालू झाल्यावर चार-पाच वर्षं मागची तारीख दाखवतात. सुरक्षित लिंक उघडताना फोन आपल्याकडची तारीख बघतो. ती चुकलेली असेल तर लिंक खोटी समजून उघडतच नाही. एक मुलगी आठवडाभर वर्गाबाहेर होती. तारीख नीट केली आणि दोन मिनिटांत आत गेली.

चौथी, वेळ. झूमचा फुकट वर्ग चाळीस मिनिटांनी बंद होतो. आत शिरायलाच पंधरा मिनिटं गेली तर शिकायला उरतं किती? आणि घरात दोन लेकरांचे वर्ग एकाच वेळी आले तर फोन कुणाला मिळणार, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता चॅटचं सांगते, कारण तिथे प्रश्न जास्त खोल आहे. वर्ग चालू असताना मुलं बाजूला लिहून शंका विचारतात, उत्तरं देतात, एकमेकांशी बोलतात. वर्गातली कुजबूज तिथे गेलेली असते. एका कनिष्ठ महाविद्यालयात, नाव सांगत नाही, हजेरीच चॅटमध्ये घ्यायचे. सर म्हणायचे, आपापलं नाव आणि नंबर लिहा. आमच्या काही मुलींच्या फोनवर वर्ग कसाबसा ऐकू यायचा, पण चॅटची चौकट उघडत नव्हती. जुनी आवृत्ती. उघडायला गेलं की सगळंच बंद पडायचं. त्या पोरी रोज पूर्ण तास ऐकत होत्या आणि वहीत गैरहजर लागत होत्या.

मराठीत लिहावं तर आणखी एक घोळ. काही फोनवर मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसायचे. शिक्षक जुन्या फाँटमध्ये टाईप केलेल्या नोट्स पाठवायचे, त्या फोनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी. आपल्या त्रैमासिकाच्या मैत्रिणींना हे ठाऊक आहे. पूर्वी टाईप करून दिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तोच फाँट तिथे नसला तर एक ओळ वाचता यायची नाही. त्या फाँटांमध्ये मराठी अक्षर हे आतून इंग्रजी अक्षरच असायचं, वर फक्त मराठीचा मुखवटा. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते सगळीकडे सारखं वाचलं जातं. पण हे सांगणार कोण? मुलीला वाटायचं, आपला फोनच अडाणी आणि आपणही.

तिसरं, चॅटचा गट म्हटला की नंबर आला. व्हॉट्सॲपच्या वर्गगटात मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो. कुणी तरी रात्री-अपरात्री निरोप पाठवतो, घरात कळतं, आणि फोन काढून घेतला जातो तो मुलीचा. म्हणून कितीतरी मुली भावाच्या नाहीतर वडलांच्या नंबरावर गटात होत्या. मग शिक्षकांचा निरोप आधी भाऊ वाचणार, त्याला वाटलं तर सांगणार. मासिक पाळी, तब्येत, घरचा त्रास, यातलं काही त्या चॅटमध्ये ती लिहील का?

याचं मोल काय झालं? बारावीतली एक पोरगी, हुशार. चॅटमध्ये हजेरी न लागल्यानं दोन महिने गैरहजर. कॉलेजचा निरोप वडलांच्या फोनवर गेला, की तुमची मुलगी वर्गाला बसत नाही. वडील म्हणाले, ‘शिकतच नाही तर घरी ठेवून काय करू?’ आम्ही पाच-सहा जणी घरी जाऊन बसलो, वहीतली नोंद दाखवली, ती रोज ओट्यावर येऊन ऐकते हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहाही दिला. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. फक्त फोनमुळे झालं असं मी म्हणणार नाही. टाळेबंदी होती, हाताला काम नव्हतं, थोडक्या माणसांत लग्न उरकत होतं. पण शिक्षण चालू आहे हे दाखवायला एक हजेरी असते, आणि मुलीला घरात वेळ मिळवून देणारी तेवढीच ढाल असते. ती तिच्या हातून गेली होती. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींची लग्नं अठरा वर्षांच्या आत झालेली होती. तेव्हा हजेरी ही छोटी गोष्ट समजू नका.

त्यानंतर आम्ही त्या महाविद्यालयात वही घेऊनच गेलो. तक्रार करायला गेलो असं न म्हणता सांगितलं, की या फोनांवर तुमची हजेरी लागत नाही, हे बघा. त्यांनी मिस्ड कॉलवर हजेरी घ्यायचं कबूल केलं. वर्गाचं ॲप बदललं नाही. पण बाकीच्या मुलींची हजेरी लागायला लागली. कागदावर लिहून नेलं की बोलणं वेगळं होतं, हे तिथे कळलं.

आता कुणी म्हणेल, बायकांना तंत्रज्ञान जमतच नाही. त्यांना आपल्या अंगणवाडीच्या ताई दाखवा. सरकारनं त्यांना कामासाठी मोबाईल दिले, दोन जीबी मेमरीचे. २०२१ साली त्यावर पोषण ट्रॅकर हे नवं ॲप भरायला सांगितलं. ॲप इंग्रजीत, फोनची ताकद अपुरी. फोन तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते मोबाईल कार्यालयांत नेऊन परत केले. ‘आम्हाला येत नाही’ असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तुमचं साधन कामाला लायक नाही, चांगला फोन आणि मराठी ॲप द्या. माझ्या मते सॉफ्टवेअर या विषयावर महाराष्ट्रातल्या बायकांनी केलेलं हे मोठं आंदोलन आहे. आपल्या मुलींना आपण हेच वाक्य शिकवायचं आहे.

आणि दुसरा मार्ग होता, हे त्याच काळात दिसलं. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिला ना ॲप लागत होतं ना आवृत्ती. आपल्या शेजारी सोलापुरात नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. मुलं येता-जाता वाचायची. या लोकांनी आधी विचारलं, की वस्तीतल्या सगळ्यात गरीब घरात काय आहे? टीव्ही आहे, भिंत आहे. मग त्यावरून शिकवायचं कसं ते ठरवलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आधी ॲप ठरलं, आणि मग मुलींनी त्याला पुरेसं व्हायचं होतं.

शाळा उघडल्या, मग आता हे उगाळायचं कशाला? कारण प्रश्न संपलेला नाही. मुक्त विद्यापीठाची व्याख्यानं, पोलीस भरतीचे आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग, नर्सिंगचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळ्यात पडदा आलाच. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय काढला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. चांगला निर्णय आहे, त्याचा फायदा घ्या. पण त्याचा अर्ज ऑनलाईनच. फी माफ झाली आणि अर्जाची खिडकीच उघडली नाही, तर त्या माफीचा उपयोग काय?

शाळांचे संगणकही बघा. विंडोज ७ ची देखभाल मायक्रोसॉफ्टनं जानेवारी २०२० मध्ये थांबवली. फ्लॅश नावाच्या ज्या सॉफ्टवेअरवर कितीतरी ई-धडे बनले होते, ते डिसेंबर २०२० मध्ये बंद झालं. ‘डिजिटल शाळा’ असा फलक रंगवलेल्या खोलीत यंत्र झाकून ठेवलेलं दिसतं, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. यंत्र घेण्याचा खर्च मंजूर होतो, त्याची देखभाल कुणाच्या हिशोबात नसते.

मग करायचं काय? आपल्या जिल्ह्याकडे याचं उत्तर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटी सुरू झाली, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोगच्या पुढाकारानं गावातल्याच बायकांना संवाद सहायक नेमलं होतं. इंजिनिअरची भाषा गावाला आणि गावाची अडचण इंजिनिअरला समजावायची, हे त्यांचं काम. ज्यांनी कधी बांधकामाबद्दल तोंड उघडलं नव्हतं त्या बायका भिंतीचे कोपरे कसे बांधावेत ते सांगू लागल्या. फोनसाठीही प्रत्येक गावात अशा दोघी हव्यात. एक शिकणारी मुलगी आणि एक गटातली बाई. त्यांच्याकडे एक वही. तारीख बरोबर आहे का, जागा आहे का, आवृत्ती कोणती, ॲप नाही चाललं तर तीच लिंक ब्राऊझरमध्ये उघडते का, एवढं बघायला शिकलं तरी पुष्कळ वर्ग उघडतात. आणि जुना फोन विकत घेताना आवृत्ती आणि मेमरी विचारूनच पैसे द्यायचे. नुसती चकचकीत काच बघायची नाही.

मागण्या मी चार मांडते, ठराव तुम्ही करा.

एक, कोणतंही कॉलेज किंवा प्रशिक्षण केंद्र ऑनलाईन वर्ग ठेवणार असेल तर प्रवेशाच्या वेळीच मुलीकडे कोणता फोन आहे आणि तो तिचा स्वतःचा आहे का, हे विचारून घ्यावं. वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर जे चालेल तेच साधन निवडावं.

दोन, हजेरी आणि गुण चॅटवर अवलंबून नसावेत. तासाचा आवाज छोट्या फाईलमध्ये नंतर मिळावा, आणि नोट्स युनिकोडमध्ये किंवा छापून मिळाव्यात.

तीन, वर्गाच्या गटात मुलींचे नंबर उघडे पडणार नाहीत अशी व्यवस्था हवी, आणि त्रास झाला तर त्रास देणाऱ्याला गटाबाहेर काढावं. मुलीला काढू नये.

चार, ग्रामपंचायतीत किंवा गावच्या वाचनालयात एक चालू स्थितीतला संगणक, दिवसाउजेडी ठरलेल्या वेळी, बाई हजर असताना मुलींसाठी खुला असावा, आणि त्याच्या देखभालीचे पैसे ग्रामसभेत मंजूर व्हावेत.

आणि पाचवी गोष्ट सरकारकडे मागायची नाही. ती आपल्या घरात मागायची आहे, आणि तिला पैसाही लागत नाही. वर्गाच्या तासाला घरातला सगळ्यात चांगला फोन शिकणाऱ्याच्या हातात द्यायचा, मग शिकणारी मुलगी असो की मुलगा, सून असो की सासू. तास संपला की ज्याचा त्याला परत. एक तासाची ही वाटणी मागताना घरात काय काय ऐकावं लागेल, याची कल्पना मला आहे. तुम्हालाही आहे. म्हणून एकटीनं मागू नका. गटाच्या बैठकीत ठरवा, आणि पुढच्या बैठकीत कुणाच्या घरी काय झालं ते प्रत्येकीनं सांगा.

वह्या मी आणल्या आहेत, टेबलावर ठेवल्यात. जाताना प्रत्येक गावानं एक घेऊन जा.